मोर्च्यानंतरची एलन

एलन विल्किन्सन हे नाव घेतलं की इंग्लंडमधल्या जाणत्या वाचकाला एकच प्रसंग आठवतो. ऑक्टोबर १९३६. टाईन नदीकाठच्या जॅरो गावातले दोनशे बेकार पुरुष काम मागायला लंडनच्या वाटेला लागलेत, आणि त्यांच्यासोबत पाच फूटही उंची नसलेली, लाल केसांची त्यांची खासदार चालते आहे. ५ तारखेला निघालेली माणसं साडेचारशे किलोमीटर तुडवून ३१ तारखेला राजधानीत पोचली. बाई सगळी वाट चालली नाही. मध्येच मजूर पक्षाच्या अधिवेशनासाठी ती एडिंबरोला गेली आणि ‘असले मोर्चे काढून उपाशी माणसांना पायपीट कशाला करायला लावता’ अशा अर्थाचे स्वकीयांचेच बोल ऐकून परत आली. ओकच्या पेटीत घालून आणलेला अकरा हजारांवर सह्यांचा अर्ज तिने ४ नोव्हेंबरला सभागृहापुढे ठेवला. काही मिनिटं त्यावर बोलणं झालं, मग सभागृह पुढच्या कामाला लागलं. माणसं रेल्वेने घरी गेली. घरी गेल्यावर त्यांना कळलं, की चालण्यात गेलेल्या दिवसांत आपण ‘कामासाठी उपलब्ध’ नव्हतो, सबब बेकारी भत्त्याला कात्री लागली आहे.

मोर्चा लक्षात राहतो, विधेयक राहत नाही. आपल्याकडेही तेच आहे. मोर्च्याला गाणी असतात, छायाचित्रं असतात, पुढे स्मारकं होतात; विधेयकाला पोटकलमं असतात. म्हणूनच तीन पदांवर आणि तीन मतदारसंघांच्या राजकारणात वावरलेली ही बाई त्या सव्वीस-सत्तावीस दिवसांत अडकून पडली आहे. हे पुस्तक तिला तिथून सोडवण्यासाठी लिहिलं आहे. मोर्च्याने जॅरोला त्या घडीला काहीही मिळालं नाही. त्या गावाला आणि त्यासारख्या शेकडो गावांना जे मिळालं ते तिने नंतर, समित्यांच्या खोल्यांत बसून, वकिलांशी आणि सावकारी कंपन्यांशी घासाघीस करून मिळवलं. तिच्या नावावर जमा आहेत त्या गोष्टी अशा : हप्त्यावर घेतलेली कपाटं, शाळेतलं दूध, तळघरातल्या बाकांचा बंदोबस्त, आणि मुलांसाठी शाळेचं एक जादा वर्ष. यातली एकही गोष्ट पुतळ्याच्या लायकीची नाही.

शिक्षण, संस्कृती आणि कामाच्या जागेची सुरक्षितता असे तीन वेगवेगळे विभाग पाडून तिचं काम सांगायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण उत्तर इंग्लंडमध्ये शाळेचा कायदा आणि गिरणीचा कायदा एकाच पोटातून निघाले. १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि नऊ ते तेरा वयाच्या मुलांना रोज दोन तासांचं शिक्षण बंधनकारक केलं. कायदा पाळला जातो की नाही हे पाहायला साऱ्या देशात मिळून चार निरीक्षक नेमले. म्हणजे सरकारने मुलाच्या शिक्षणात पहिल्यांदा हात घातला तो शाळेच्या दारातून नव्हे, गिरणीच्या दारातून. पुढे ‘हाफ-टायमर’ ही जात तयार झाली : अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. सकाळी मागावर उभं राहिलेलं पोर दुपारी बाकावर झोपी जायचं, आणि मास्तरांना ते ठाऊक असायचं. लँकशायरमध्ये ही पद्धत १९१८ चा शिक्षण कायदा लागू होईपर्यंत टिकली. एवढी टिकली त्याला केवळ मालक कारण नव्हते. पोराच्या मजुरीवर चूल पेटत असल्यामुळे आईबापांनीही ती सोडली नाही. एलननंतर शिक्षणमंत्री झालेला जॉर्ज टॉमलिन्सन स्वतः बाराव्या वर्षी असाच गिरणीत गेलेला होता. या मुलखात शाळा सोडायचं वय एका वर्षाने वाढवणं म्हणजे मूल एक वर्ष यंत्रापासून लांब ठेवणं. शिक्षणतज्ज्ञ त्याला काहीही म्हणोत.

एलनचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, मँचेस्टरचा. बाप गिरणीत राबलेला, नंतर विम्याचे हप्ते गोळा करत दारोदार फिरणारा आणि रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचन करणारा. बोलण्याची कला तिने तिथून उचलली असं तिचे चरित्रकार म्हणतात, आणि ते खरं असावं. लहानपणी ती सारखी आजारी. शाळेत हुशार, पण शाळेविषयी मनात अढी. तिच्या वर्गात साठ-सत्तर पोरं कोंबून पाढे घोकून घेण्याची पद्धत होती आणि तिला ती अपमानास्पद वाटे. १९०६ मध्ये छोटीशी शिष्यवृत्ती मिळवून ती अध्यापक विद्यालयात गेली : अर्धा आठवडा शिकायचं, अर्धा आठवडा प्राथमिक शाळेत शिकवायचं. ती मास्तरणीतली हाफ-टायमर होती म्हणा ना. त्या वर्गात मुलांना गप्प बसवण्यापेक्षा बोलतं करण्याकडे तिचा कल होता आणि वरिष्ठांना तो रुचला नाही. १९१० मध्ये इतिहासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि मँचेस्टर विद्यापीठाची वाट खुली झाली. शिष्यवृत्तीच्या शिडीने वर आलेल्या माणसाचा शिडीवर फार विश्वास बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्या मंत्रिपदाच्या काळात ती उपयोगी पडेल.

पदवीनंतर आधी स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ, आणि १९१५ पासून युनियन. सहकारी भांडारांतल्या कामगारांच्या संघटनेने तिला देशभरच्या स्त्री-कामगारांची संघटक म्हणून नेमलं. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्याने भांडारांत, गुदामांत, धुलाईखान्यांत मुली भरल्या जात होत्या, कमी पगारावर. मजुरीचे किमान दर ठरवणाऱ्या ट्रेड बोर्डांवर ती बसू लागली आणि दर आठवड्याचे शिलिंग-पेन्स तोंडपाठ ठेवायला शिकली. सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पट्टा, चाक, बॉयलर येतो. दुकानातल्या मुलीचा धोका दिसत नसे. तो पायांत उतरे. १८९९ मध्येच इंग्लंडने कायदा केला होता, की दर तीन विक्रेत्या मुलींमागे एक आसन दुकानात असलं पाहिजे. आसनं आली. पण बसलेली मुलगी मालकाला आळशी दिसते, म्हणून त्या आसनांवर बसण्याची हिंमत फार थोड्या जणी करत. फक्त कायदा करून भागत नाही, तो वापरायला पाठीशी युनियन लागते, हा धडा तिला या धंद्याने दिला.

या युनियनची आणखी एक कथा इथेच सांगून टाकतो, कारण पुढे तिला जागा नाही. १९३७ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यांतल्या स्त्रियांचा आठवडा ४८ तासांवर आणला, पण दुकानं आणि कचेऱ्या त्या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी प्रकाश, उष्णता, शौचालय, बसायची जागा यांचा नीट कायदा यायला १९६३ उजाडलं. तोवर एलन जाऊन सोळा वर्षं झाली होती. आणि पुढे १९७० मध्ये ब्लॅकबर्नच्या खासदार बार्बरा कॅसल यांनी सगळ्याच कामांच्या सुरक्षिततेचा एकत्र विचार करायला समिती नेमली, तेव्हा तिच्या अध्यक्षपदी आले आल्फ्रेड रॉबेन्स. हे मँचेस्टरचे, एलनच्याच युनियनचे जुने पदाधिकारी. त्यांच्या अहवालातून १९७४ चा कायदा निघाला आणि ब्रिटनमधल्या सुरक्षिततेची व्यवस्था आजही त्याच्यावर उभी आहे. पण हेच रॉबेन्स १९६६ मध्ये राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष होते, जेव्हा वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावी खाणीच्या मातीचा ढिगारा सरकून शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. चौकशीत मंडळावर सरळ ठपका आला. कामाच्या जागेचा धोका कुंपणाच्या आत राहत नाही, हे इतक्या भयंकर रीतीने दुसरं कुठे दिसलं नसेल. आणि तो धोका ज्यांच्या कारभारात घडला त्यांच्याकडेच देशाच्या सुरक्षिततेचा आराखडा सोपवला गेला. इंग्रजी राज्यव्यवस्थेची ही जुनी खोड आहे.

तर १९२४. मिडल्सबरो ईस्ट या पोलाद-कामगारांच्या मतदारसंघातून एलन निवडून आली. कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत तिचा हात होता. पण निवडणुकीच्याच वर्षी तिने तो सोडला होता. त्या सभागृहात स्त्रिया अवघ्या चार, आणि मजूर पक्षाची ती एकटी. वर्तमानपत्रांनी तिच्या केसांवर आणि हिरव्या पोशाखावर रकाने भरले. ती विधवांच्या निवृत्तिवेतनावर बोलत होती. १९२६ च्या सार्वत्रिक संपात तिने देश पिंजून काढला आणि त्या संपावर दोघा सहकाऱ्यांबरोबर पुस्तक लिहिलं. १९३१ च्या पडझडीत तिची जागा गेली.

जागा गेली म्हणून ती हिंदुस्थानात येऊ शकली. १९३२ च्या ऑगस्टमध्ये इंडिया लीगचं शिष्टमंडळ मुंबईला उतरलं : एलन, मोनिका व्हेटली, लिओनार्ड मॅटर्स आणि चिटणीस व्ही. के. कृष्ण मेनन. सविनय कायदेभंगाची दुसरी फेरी चालू होती, वटहुकमांचं राज्य होतं, आणि त्याच सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधींचं उपोषण आणि पुणे करार घडला. तुरुंगातल्या गांधींना एलन भेटली आणि त्यांना वगळून हिंदुस्थानात शांतता शक्य नाही अशी खात्री घेऊन परतली. शिष्टमंडळाचा अहवाल १९३४ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्या प्रस्तावनेसह निघाला. लाठीमार, तुरुंग, गावांवरची जुलमी वसुली यांच्या नोंदी त्यात आहेत. मराठी वाचकाने तो मिळवून वाचावा, कारण त्यातल्या वाटा त्याच्या ओळखीच्या आहेत.

मँचेस्टरच्या बाईने मुंबईच्या कामगाराविषयी बोलावं यात एक पेच होता आणि तो तिच्या जन्माआधीचा होता. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो यावा म्हणून लँकशायरच्या गिरणीमालकांनी लंडनमध्ये दडपण आणलं होतं. मुंबईच्या पोरांचा कळवळा हे एक कारण. मुंबईचं सूत स्वस्त पडतं हे दुसरं, आणि बहुतेक मोठं. त्यामुळे इकडचे मालक कामगार-संरक्षणाला परक्यांचा डाव म्हणू शकले. मुंबईचे कामगार-पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांना या दोन्ही मालकांच्या मधून वाट काढावी लागली. एलनचा बाप ज्या गिरणीत होता तिचं आणि परळच्या गिरणीचं असं नातं होतं. पुढे योगायोग असा, की १९४५ मध्ये ती लंडनमध्ये मंत्री झाली तेव्हा दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत मजूर खात्याचे सदस्य होते बाबासाहेब आंबेडकर. आणि बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडलं. दोघांनी एकमेकांविषयी काही लिहिलं आहे का, या शोधात मी पडलो नाही. पण एका साम्राज्याच्या दोन टोकांना एकाच सुमाराला शिष्यवृत्तीवर शिकलेली दोन माणसं कामगाराच्या तासांचा आणि मुलाच्या शाळेचा हिशेब मांडत होती, एवढं नोंदवून पुढे जातो.

जॅरोकडे वळलं पाहिजे, कारण तिचं सर्वांत चांगलं पुस्तक त्या गावावर आहे. १९३५ मध्ये ती तिथून निवडून आली. जॅरो हे बीड नावाच्या संन्याशाचं गाव : आठव्या शतकात इंग्रजांचा पहिला इतिहास लिहिणारा तो तिथल्या मठात राहिला. हजार-अकराशे वर्षांनी त्याच गावाखाली कोळशाची खाण होती आणि १८३० मध्ये तिच्यात स्फोट होऊन ४२ जण मेले. १८५२ मध्ये चार्ल्स पामर यांनी जहाजांचा कारखाना काढला आणि गाव त्या एका फाटकावर जगू लागलं. महामंदीत जहाजधंद्याच्या मालकांनी आपसात मंडळी स्थापन केली, तिचं काम ‘जादा’ गोद्या विकत घेऊन बंद पाडण्याचं. १९३४ मध्ये तिने पामरची गोदी घेतली, आणि त्या जागी चाळीस वर्षं जहाज बांधता येणार नाही अशी अट घातली. अट पुन्हा वाचावी. गोदी बुडाली असं नव्हे. ती पुन्हा कुणी उघडू नये याची कागदोपत्री तजवीज झाली. पुढे तिथे पोलादाचा कारखाना निघण्याची आशा होती, ती पोलादवाल्यांच्या संघाने मालवली. व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांनी जॅरोने आपला उद्धार आपणच करावा असं सुनावलं.

१९३९ मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकाला तिने जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘खून झालेलं गाव’ असा होतो. नाव भडक आहे, पुस्तक तसं नाही. त्यात ताळेबंद आहेत, लाभांश आहेत, क्षयाने मेलेल्यांचे आकडे आहेत. खाणीतला स्फोट, गोदीतला अपघात आणि बेकाराच्या घरातला क्षय या तिन्ही गोष्टी ती एकाच वहीत मांडते. कामाने माणूस मरतो तसा काम काढून घेतल्यानेही मरतो, तेव्हा सुरक्षिततेचा कायदा फाटकावर येऊन का थांबतो, असा तिचा रोख आहे. मालकांच्या बाजूचं म्हणणं ती देते, पण फार थोडक्यात. जहाजधंद्याला खरोखरच जास्तीच्या गोद्या झाल्या होत्या हे कबूल करताना तिच्या जिवावर येतं. प्रचाराचं पुस्तक आहे ते. तरीही एखाद्या गावाचं आर्थिक चरित्र कसं लिहावं याचा तो नमुना आहे, आणि आपल्या बंद पडलेल्या गिरण्यांवर तसं पुस्तक कुणी लिहायला हवं होतं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

याच बेकार घरांत तिला हप्त्याचा धंदा दिसला. पलंग, कपाट, शिवणयंत्र, रेडिओ : सगळं हप्त्यावर. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तू कंपनीची. गिऱ्हाइकाने बहुतेक पैसे भरले आणि दोन हप्ते चुकले की कंपनीची दांडगी माणसं येत, वस्तू उचलून नेत, आणि तीच वस्तू पुन्हा दुसऱ्याला हप्त्याने विकली जाई. काही कंपन्यांचा नफाच या उचलेगिरीवर होता. बरं, दारात उभी राहणारी असे ती घरातली बाई. नवरा कामावर नाहीतर कामाच्या शोधात. एलनने अशासकीय विधेयक आणलं. विरोधी बाकावरच्या खासदाराचं अशासकीय विधेयक म्हणजे पावसात लावलेली पणती. तिने ती विझू दिली नाही, कारण विरोधकांना चिरडायच्या ऐवजी ती त्यांच्याशी बोलली : चांगल्या कंपन्यांना वाईट कंपन्यांचा उपद्रव होतोच, हे तिने त्यांच्या वकिलांकडूनच वदवून घेतलं. १९३८ च्या कायद्याने ठरलं, की रोखीची किंमत आधी लेखी सांगितली पाहिजे. कराराची प्रत दिली पाहिजे. आणि किमतीचा एक तृतीयांश भरला गेला की कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तू उचलता येणार नाही. जहाल बाईचा हा मवाळ कायदा. तिच्या डाव्या मित्रांनी त्याचं फारसं कौतुक केलं नाही. भांडवलशाहीचं कपाट शाबूत ठेवून खण साफ केल्यासारखं त्यांना वाटलं असेल. कपाट घरात राहिलेल्या बाईचं मत वेगळं असणार.

युद्धात ती सरकारात आली. ऑक्टोबर १९४० पासून गृहसुरक्षा खात्यात हर्बर्ट मॉरिसन यांच्या हाताखाली, आश्रयस्थानांची जबाबदारी घेऊन. लंडनवर रोज रात्री बाँब पडत होते आणि लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत होते : अंथरूण नाही, संडास नाही. ती रात्री गाडी घेऊन बाहेर पडे, तळघरांत उतरे, लोकांच्या शिव्या ऐके आणि सकाळी कचेरीत त्यांची कामं करून घेई. झोपायच्या फळ्या आल्या, संडास आले, चहा आला. घरातच, टेबलासारखी वापरता येईल अशी पोलादी पिंजऱ्याची सोय १९४१ मध्ये निघाली आणि वर्षाअखेर पाच लाखांवर घरांत पोचली.

पण याच खात्यात तिच्यावर तिच्याच माणसांविरुद्ध उभं राहायची पाळी आली. २९ डिसेंबर १९४० च्या रविवारी रात्री जुन्या लंडन शहरावर आगीचे बाँब पडले तेव्हा कचेऱ्या आणि गुदामं कुलूपबंद होती. आत कुणी असतं तर वाळूच्या बादलीने विझली असती अशी आग इमारतींमागून इमारती खात गेली. मग धंद्याच्या जागांवर रात्रपाळीचा अग्निपहारा सक्तीचा झाला, आणि १९४२ मध्ये ती सक्ती स्त्रियांवरही आली. महिन्याला ४८ तासांपर्यंत. दिवसभर कारखान्यात, संध्याकाळी रांगेत आणि चुलीपुढे, आणि रात्री छपरावर! सभांतून तिला कामगार बायकांनी धारेवर धरलं. ज्या बाईने त्यांचे तास कमी करायला पंचवीस वर्षं घातली तिनेच ते वाढवले. तिचं उत्तर युद्धाचं होतं आणि युद्धात ते बिनतोड असतं. मला ते पुरेसं वाटत नाही; छपरावर चढणाऱ्या बाईच्या मुलांकडे कोण पाहणार, याची व्यवस्था हुकमाच्या आधी व्हायला हवी होती. तिच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत हे प्रकरण दोन परिच्छेदांत उरकतं. इथे ते सविस्तर दिलं आहे.

१९४५ च्या जुलैत मजूर पक्ष निवडून आला आणि पंतप्रधान अ‍ॅटलींनी तिला शिक्षणमंत्री केलं. त्या खात्याची ती पहिली स्त्री मंत्री. हातात होता आदल्या सरकारात बटलर यांनी केलेला १९४४ चा कायदा : माध्यमिक शिक्षण सर्वांना, मोफत, आणि शाळा सोडायचं वय १४ ऐवजी १५. कायदा कागदावर होता. शाळांच्या इमारती बाँबने पडलेल्या, शिक्षक युद्धावरून परतायचे. तिने तीन गोष्टी केल्या. सैन्यातून सुटलेल्या स्त्री-पुरुषांना एका वर्षाच्या तातडीच्या प्रशिक्षणाने शिक्षक केलं. ही योजना संपेपर्यंत असे सुमारे ३५,००० शिक्षक तयार झाले. वर्गांसाठी तयार सांगाड्यांच्या झोपड्या उभारायला घेतल्या; कुरूप, हिवाळ्यात गार, पण छप्पर असलेल्या. आणि १९४६ मध्ये शाळेत प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १९० मिलिलिटर दूध फुकट दिलं.

दुधाबद्दल थोडं थांबायला हवं. शाळेत दूध आधीही मिळे, १९३४ पासून, अर्ध्या पेनीला. अर्धी पेनी म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं त्याने जॅरो पाहिलेलं नाही. फुकट मिळे ते फक्त गरिबीचा दाखला असलेल्या पोरांना, आणि कोण फुकटवाला आहे हे साऱ्या वर्गाला ठाऊक असे. तिने दाखलाच काढून टाकला. आपल्याकडच्या शाळेतल्या खिचडीभोवती जे वाद झाले, पोषण किती, शिजवायचं कुणी, पंक्तीला कोण बसणार, त्यांतून गेलेल्या वाचकाला ‘सर्वांना सारखं’ या तरतुदीची किंमत सांगायला नको. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांचं दूध १९६८ मध्ये मजूर सरकारनेच थांबवलं, आणि १९७१ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचंही बंद केलं. दूषण मात्र एकट्या थॅचरबाईंच्या नावाला चिकटलं.

तिने काय केलं नाही, तेही सांगितलं पाहिजे. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करायची, हुशार पोरं ग्रामर शाळेत आणि उरलेली ‘मॉडर्न’ शाळेत, ही पद्धत तिने चालू ठेवली. पक्षातल्या शिक्षकांनी तिला परोपरीने सांगितलं, की ही नव्या कपड्यातली जुनी वर्गव्यवस्था आहे. तिला वाटलं, मॉडर्न शाळा चांगल्या केल्या की प्रतिष्ठेचा प्रश्न आपोआप सुटेल. सुटला नाही. मगाशी शिष्यवृत्तीच्या शिडीचं म्हटलं ते इथे लागू होतं : शिडीने जी चढली तिला शिडीखाली राहिलेल्यांची गर्दी दिसली, पण शिडीच काढून जिना बांधावा हे सुचलं नाही.

संस्कृतीच्या बाबतीत मात्र तिची नजर लांबवर गेली. १ ते १६ नोव्हेंबर १९४५ या काळात लंडनमध्ये चव्वेचाळीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी युनेस्कोची घटना लिहिली. परिषदेच्या अध्यक्षस्थानी एलन होती. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात राजकुमारी अमृत कौर होत्या. मूळ मसुद्यात शिक्षण आणि संस्कृती एवढंच होतं. हिरोशिमाला तीन महिनेही झाले नव्हते. ज्युलियन हक्सली आणि जोसेफ नीडहॅम यांच्यासारखी माणसं विज्ञानाचा आग्रह धरत होती, तो तिने उचलला आणि विज्ञान नावात घातलं : शास्त्रज्ञ यापुढे आपलं काय करतील याची धास्ती असताना त्यांना मानव्यविद्यांपासून वेगळं बसू देणं धोक्याचं आहे, असा तिचा युक्तिवाद होता. कारखान्याच्या यंत्राला कठडा हवा हे ज्या बुद्धीला पटतं तिचाच हा युक्तिवाद आहे, म्हणून तिचे विषय मला वेगळे काढता येत नाहीत.

ती स्वतः लिहिणारी होती. ‘क्लॅश’ (१९२९) ही सार्वत्रिक संपावरची कादंबरी. नायिका युनियनची संघटक, प्रेम आणि काम यांच्या कात्रीत सापडलेली. शेवटाकडे ती ढिली पडते, पण रात्रीच्या गाड्या, थंड सभागृहं आणि बायकांच्या बैठका यांचं त्यातलं वर्णन दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. ‘द डिव्हिजन बेल मिस्टरी’ (१९३२) ही संसदेच्या इमारतीतच खून घडवणारी रहस्यकथा, निवडणूक हरलेल्या खासदाराने लिहिलेली. त्यात सूड शोधू नये. त्यात इमारतीवरचं प्रेम अधिक आहे. २५ जानेवारी १९४७ ला बाँबने छप्पर उडालेल्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात नाट्यशाळेचं उद्घाटन तिने केलं. त्या हिवाळ्यात इंग्लंड गोठलं होतं आणि तिची छाती जन्माची नाजूक.

त्याच जानेवारीत मंत्रिमंडळात प्रस्ताव आला, की कामगारांची आणि सामानाची टंचाई पाहता शाळेचं वय वाढवणं पुढे ढकलावं. चौदा वर्षांची पोरं कारखान्यांना हवी होती. १८३३ चाच वाद नव्या आकड्यांनिशी परत आला होता. ती अडून बसली आणि जिंकली. ६ फेब्रुवारीला ती इस्पितळात वारली, वयाच्या ५५ व्या वर्षी. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. अपघात, असा निर्णय चौकशीत झाला. त्याभोवती आणि मॉरिसन यांच्याशी असलेल्या मैत्रीभोवती बरंच लिहिलं गेलं आहे. मी त्यात पडलेलो नाही. १ एप्रिल १९४७ ला शाळेचं नवं वय लागू झालं.

तिचे खासगी कागद फारसे उरलेले नाहीत. त्यामुळे तिचा शोध घ्यायचा तो हॅन्सार्डच्या खंडांत, युनियनच्या मासिकांत आणि वर्तमानपत्रांत. बेटी व्हर्नन यांचं १९८२ चं चरित्र अजून भरवशाचं आहे. मॅट पेरी आणि लॉरा बीअर्स यांच्या नव्या चरित्रांनी तिचं आंतरराष्ट्रीय राजकारण पुढे आणलं. या पुस्तकाची मांडणी वर्षवार नाही, कायदावार आहे. त्यामुळे वाचकाला मागेपुढे करावं लागेल, आणि जॅरोचा मोर्चा फार उशिरा येतो अशी तक्रारही होईल. हप्त्याच्या खरेदीचं प्रकरण कोष्टकांनी भरलेलं आहे आणि ते वगळायचा मोह होईल. मी म्हणेन, तेच आधी वाचावं.